टॉवेलाखालचे मार्क

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत व्हिडिओ गेमला मार्क देण्याचा अधिकार देवाने एकाच माणसाला दिला आहे, आणि तो माणूस नेमका माझा साडू निघावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुसऱ्या कुणाचा साडू असता तर मीही त्यांचा भक्त झालो असतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणू लागलो, आणि आता कसाऱ्यापासून वैशाखऱ्यापर्यंत ज्याच्या टीव्हीला गेमचा कन्सोल जोडलेला आहे तो प्रत्येक जण त्यांना दाजीच म्हणतो. कॉलेजातली मुलं माझ्या दारात येतात, चपलासुद्धा काढत नाहीत, आणि विचारतात, दाजींनी नव्या गेमला किती दिले? कन्सोल माझा, टीव्ही माझा, गेमची डिस्क मी कल्याणला जाऊन रांगेत उभं राहून आणलेली. पण मी किती दिले असते, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आता माझ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. लहानपणी कॅसेट घालून खेळायचे गेम होते तेव्हापासून मी खेळतो आहे. मराठीत गेमची परीक्षणं लिहिणाऱ्या मोजक्या माणसांतला मी एक. एका संकेतस्थळावर माझी परीक्षणं माझ्या नावानिशी येतात. त्यात चित्र, आवाज, कथा, हाताळणी असे वेगवेगळे मथळे असतात, प्रत्येकाला वेगळे गुण असतात, आणि शेवटी दशांश चिन्हासकट एकूण निकाल असतो. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. त्यासाठी गोदामाच्या ऑफिसातल्या हक्काच्या रजा मी खर्च केल्या आहेत. माझे वाचक म्हणजे मी आणि संपादक, आणि संपादकाबद्दल मला अलीकडे शंका येऊ लागली आहे. बायकोने एकदा एक परीक्षण वाचलं होतं. "छान आहे. लांब आहे," एवढं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. आणि दाजींनी आयुष्यात एकही गेम शेवटपर्यंत खेळलेला नाही. कन्सोलच्या कंट्रोलरला ते रिमोट म्हणतात आणि पहिली काही मिनिटं तो उलटा धरतात.

दाजी मूळचे बैलांचे दलाल. वैशाखऱ्याच्या अलीकडे त्यांची भातशेती आहे, पण नाव झालं ते बैलबाजारात. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत त्यांच्या वडिलांचं जसं वजन होतं तसं पुढे त्यांचंही झालं. बैलाची चाल बघायची, दात बघायचे, अंगावरचे भोवरे बघायचे आणि मग किंमत बोलायची. पण ही किंमत तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्या रिकामटेकड्यांना काही कळत नाही. सगळा पंजा धरला की पाच, वर एक बोट दाबलं की सहा, करंगळीचं पेर चिमटलं की अर्धा. पुढे गावोगाव पॉवर टिलर आले, बैलांचा बाजार रोडावला, आणि दाजींच्या बोटांना काम उरलं नाही. ते काम माझ्या घरात सापडावं, हा माझा भोग.

झालं असं की एका रविवारी दाजी आणि ताई, म्हणजे माझी मेव्हणी, मोटारसायकलवरून नव्या तांदळाची गोणी घेऊन आमच्याकडे शहापूरला आले. मी तेव्हा एक घोडेस्वाराचा गेम खेळत होतो. जगभरच्या समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, आणि मी स्वतः नऊ पूर्णांक दोन दिले होते. दाजी बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी रिमोट मागितला, स्वाराला घोड्यावरून उतरवलं आणि घोड्याभोवती फेरी मारली. पाय बघितले. शेपटी बघितली. मग मला म्हणाले, "साडू, ह्या घोड्याला सकाळपासून कोणी पाणी दाखवलंय का नाय?" मी म्हटलं, गेममध्ये घोड्याला पाणी लागत नाही. झालं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात खाली ओढला आणि चार बोटं दाबली. मी नुसता बघत राहिलो. "बोला की," ते म्हणाले. त्यांच्या धंद्यात दाबणारा बोलत नाही, ज्याचा हात दाबला त्याने सौदा पटला तर आकडा जाहीर करायचा. मी माझ्या तोंडाने "चार" म्हणालो. ताई त्या वेळी शेजारणीला दाखवण्यासाठी आमचे नवे पडदे मोबाइलवर टिपत होत्या. पडद्यांच्या मागोमाग आम्हीही त्यात आलो, आणि आठवडाभरात तो व्हिडिओ दोन तालुक्यांतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये होता. त्या व्हिडिओत दाजींचा चेहरा आहे, घोड्याचा चेहरा आहे आणि माझा हात आहे.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी हा कार्यक्रम आमच्या सोफ्यावर होतो. ताई मोबाइल धरतात आणि दिग्दर्शनही करतात. माझ्या हाताची हालचाल त्यांना पसंत नसते, टॉवेलाखाली उंदीर शिरल्यासारखं दिसतं असं त्या सांगतात. गाड्यांच्या शर्यतीचा गेम असला तर दाजी शर्यत लावत नाहीत. ते गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवत रस्त्याकडेची झाडं बघत जातात, आणि तेच झाड पुन्हा आलं की ब्रेक मारून मला दाखवतात. फुटबॉलच्या गेममध्ये त्यांनी खेळाडूंकडे पाहिलंच नाही. प्रेक्षकांत निळ्या शर्टाचा एकच माणूस पाच ठिकाणी बसलेला त्यांना दिसला, आणि या माणसाला घरी काही कामधंदा नाही का, या मुद्द्यावर गेमला तीन मिळाले. लढाईच्या गेममध्ये त्यांनी सैन्याची चूल शोधत सगळा तळ पालथा घातला. एवढी माणसं पोसायची आणि कुठे धूर नाही, म्हणजे लबाडी आहे, असं त्यांचं म्हणणं. शेतीचा एक गेम मी मुद्दाम त्यांच्यासाठी आणला होता. एक बटण दाबलं की सगळ्या शेताची लावणी होत होती. दाजींनी बटण दाबलं, शेत हिरवं झालं, आणि ते स्वतःच्या कमरेला हात लावून म्हणाले, "दुखली नाय. ही कसली आवणी?" एक मार्क दिला, तोही ट्रॅक्टर स्वच्छ होता म्हणून.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की दाजींना खरंच काही कळतं आणि मी उगाच जळतो. तर तसं नाही. दाजी चुकतात, आणि सपशेल चुकतात. भुताच्या बंगल्याचा एक गेम आला होता. अगदी टाकाऊ, भुतं दारात अडकायची. दाजी तो खेळता खेळता सोफ्यावर झोपले. जागे झाले तेव्हा त्यांचा चेहरा प्रसन्न होता. बंगला मोठा आहे, हवा खेळती आहे, असं म्हणून त्यांनी आठ मार्क दाबले. मी टॉवेलाखालूनच विरोध केला, हात सोडवायला बघितला, पण त्यांनी पुन्हा दाबले. मला "आठ" म्हणावं लागलं. मुरबाडला बाजारपेठेत एक मोबाइलवाला आहे, तो जुन्या डिस्क बदलूनही देतो. त्याच्याकडे त्या गेमसाठी मुलांची झुंबड उडाली. नंतर सगळ्यांना कळलं की गेम भिकार आहे. मला वाटलं, आता तरी माझा दिवस उगवेल. मी त्या गेमला दोन पूर्णांक एक दिले होते, कारणांसहित. पण कुणीही दाजींना बोल लावला नाही. दाजींना आवडला म्हणजे त्यात काहीतरी असेल, आपल्यालाच दिसलं नसेल, असं म्हणून मुलं तो गेम पुन्हा खेळायला बसली. बरोबर असून ज्याला कुणी विचारत नाही त्यानेच अशा वेळी काय करायचं ते सांगावं. मी त्या दिवशी जेवलो नाही, आणि ते बायकोच्या लक्षातही आलं नाही, कारण ती दाजींना आग्रह करत होती.

एकदा शहापूरच्या भाजीबाजारात मी वांगी निवडत होतो. समोरची एक मुलगी माझ्या बोटातल्या अंगठीकडे टक लावून बघत होती. मग तिने आईला कोपराने ढोसलं आणि मला विचारलं, "तुमी दाजींचा हात ना?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? भाजीवालीने त्या हाताला म्हणून मूठभर मिरच्या जास्त घातल्या.

दाजींनी कधी दहा दिले नाहीत. साडेआठच्या वर त्यांचं बोट कधी गेलंच नाही. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, दहा दिले की उठून घरी जायचं, मग पुढच्या रविवारी तुमच्याकडे कशाला येऊ? बैलबाजारात तरी कधी दहाचा बैल बघितला का, असं मी विचारलं, तेव्हा ते पाय धुवायला मोरीत गेले. ताईंनी मग हळू आवाजात सांगितलं. दाजींची स्वतःची एक जोडी होती. तांबूस रंगाचा तांब्या आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेला चांद्या. दाजींचा गुडघा धरला, नांगरामागे चालवेना, तेव्हा घाटावरच्या एका शेतकऱ्याला ती जोडी त्यांनी स्वतःच विकली. जन्मभर दुसऱ्यांचे सौदे केलेल्या माणसाने त्या दिवशी आपला हात दुसऱ्या दलालाच्या टॉवेलाखाली घातला. घरी आल्यावर ते चुलीपुढे बसून कितीतरी वेळ हात शेकत होते, आणि तेव्हा भर वैशाख होता. हे ऐकून मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, एवढं वाईट वाटावं असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही, याचाही थोडा हेवा वाटला.

यंदाच्या दिवाळीत मुरबाडच्या त्या मोबाइलवाल्याने मोठाच घाट घातला. बैलगाडा शर्यतीचा एक नवा गेम बाजारात आला होता. शर्यतीचं वेड आमच्याकडे घरोघर, त्यामुळे हा गेम किती मागवायचा ते त्याला ठरवायचं होतं. दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, दुपारी सगळ्यांना बोलवायचं, दाजींनी सगळ्यांसमोर खेळायचं आणि मार्क द्यायचे. मी तोंड वाकडं करणार तेवढ्यात तो म्हणाला, दाजींच्या नंतर तुमचे. फलकावर दोघांची नावं. दाजींचं वर, माझं खाली, पण माझं नाव, आणि माझ्या तोंडून माझा आकडा. पुढचे दिवस मी हवेत होतो. गेम आणून पूर्ण खेळलो. गेम सुमार होता. चाकं जमिनीला न टेकता तरंगत होती, धूळ ठोकळ्यासारखी उडत होती, आणि शर्यत संपली की जिंकलेले-हरलेले सगळे बैल एकाच पद्धतीने डावीकडे मान झटकत होते. फक्त त्या मानेसाठी मी अर्धा गुण कापला. एकूण साडेपाच. दोन पानांचं भाषण लिहून मी खिशात ठेवलं, आणि बायकोसमोर ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती शेवटपर्यंत थांबली.

हॉल गच्च भरला होता. भात झोडायचं काम टाकून माणसं आली होती. दाजी नवा टॉवेल घेऊन खुर्चीत बसले, ताईंनी मोबाइल धरला, मी शेजारच्या खुर्चीत. सुरुवातीला गेम बैलांची नावं विचारतो. दाजींना ती अक्षरं जुळवता येईनात, म्हणून रिमोट मी घेतला आणि काय लिहू म्हणून विचारलं. ते म्हणाले, "तांब्या. चांद्या." मग रंग निवडायचा होता. तांबूस रंगाच्या सगळ्या छटा त्यांनी एकेक करून बघितल्या. कपाळावरचा ठिपका खाली घ्या, अजून थोडा खाली, असं सांगत राहिले. लोक चुळबुळू लागले, कुणी शिट्टी मारली. दाजींना ऐकू गेलं नाही. चाबकाचं बटण कुठलं ते त्यांनी मला विचारलं, मी दाखवलं, आणि त्यांनी त्यावरून अंगठा काढून मांडीवर ठेवला.

शर्यत सुटली. बाकीचे गाडे उधळले आणि तांब्या-चांद्या चालत निघाले. हॉलमध्ये हशा पिकला. दाजी जिभेने टाळूवर चुचकारत होते, पडद्यातल्या बैलांना नुसत्या आवाजाने हाकत होते. एका वळणावर चांद्या बाहेरच्या बाजूला ओढू लागला, तर ते त्याला हळूच म्हणाले, "आरं, सांभाळून." बाकीचे गाडे केव्हाच पोचून शर्यतीचा निकाल लागला होता. हसणारे एकेक करून गप्प झाले. शेवटी रिकाम्या रस्त्यावरून हे दोघे रमतगमत आले, रेघ ओलांडली, थांबले, आणि त्यांनी डावीकडे मान झटकली. गळ्यातली घुंगरं वाजली. दाजींच्या हातातून रिमोट खाली पडला.

मोबाइलवाल्याने माइक पुढे केला. दाजींनी टॉवेल टाकला आणि माझा हात धरला. मी बोटांची वाट बघत राहिलो. एकही बोट दाबलं गेलं नाही. त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला होता, घट्ट. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता. आजवर त्यांनी दाबलेला आकडा मी बोलत आलो होतो. त्या दिवशी मला काहीही बोलता आलं असतं. "साडेपाच" म्हणालो असतो तर तोच दाजींचा ठरला असता, आणि माझाही. मी म्हणालो, "दहा."

टाळ्यांनी पत्रे हादरले. दाजींनी दहा दिले, दाजींनी दहा दिले, असं जिन्यावरून खालपर्यंत गेलं. मोबाइलवाल्याने तिथल्या तिथे फोन लावून मोठी ऑर्डर दिली आणि मग, शब्दाला जागून, माइक माझ्याकडे वळवला. फलकावर माझं नाव होतं. खिशात दोन पानं होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला वेगळं काही सांगायचं नाही. बायको पहिल्या रांगेत होती. तिने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की मला खाली बसावंसं वाटेना.

नंतर आम्ही दोघे साडू बाजारपेठेच्या टोकाला चहाच्या टपरीवर गेलो. बायका बांगड्या बघायला गेल्या होत्या, मोबाइलही त्यांच्याकडेच होता. चहा निम्मा झाल्यावर दाजींनी विचारलं, "साडू, तुमचे किती व्हते?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी साडेपाच म्हणालो, आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबलो नाही. चाकांचं सांगितलं, धुळीचं सांगितलं. मानेसाठी अर्धा कापला तेही सांगून टाकलं. दाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, समोरच्या दलालाचं ऐकावं तसं, मध्ये न बोलता.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "गेम साडेपाचाचाच हाय."

"मग तुम्ही नुसता हात धरून का बसलात?"

"बैल दहाचे व्हते," दाजी म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवून टॉवेलाने तोंड पुसलं.

म्हणजे दोन तालुक्यांतल्या एकमेव अधिकारी माणसाने माझा निकाल उचलून धरला, आणि तो ऐकायला टपरीवाल्याशिवाय कुणीही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण घरी परतताना माझ्या पोटात जे दुखत होतं ते आधीच्या सगळ्या दुखण्यांपेक्षा जास्त होतं. मी इतके गेम शेवटपर्यंत नेले, इतक्यांना दशांशासकट गुण दिले, पण एकाही गेमने माझ्या हातातून रिमोट पाडला नाही. दाजी अजूनही रविवारी येतात. नव्या गेमला मार्क देऊन झाले की हळूच विचारतात, ते आपलं लावता का? मी लावतो. तांब्या-चांद्या सगळ्यांच्या मागून चालत येतात, मान झटकतात, आणि दाजी समाधानाने जेवायला उठतात.

परवा घरात कुणी नसताना मी तो गेम माझ्यासाठी म्हणून नव्याने सुरू केला. पडद्यावर बैलांची नावं लिहायची रिकामी चौकट आली. मी कितीतरी वेळ रिमोट हातात धरून बसलो. मला नाव सुचेना. दाजींचा एवढा हेवा मला कधीच वाटला नव्हता. शेवटी मी तांब्या लिहिलं, चांद्या लिहिलं, ठिपका त्यांनी सांगितला होता तेवढा खाली घेतला, आणि चाबकाच्या बटणावरून अंगठा काढून मांडीवर ठेवला.